सासूबाई, मी आणि हिटर

"आईला एक शिंक जरी आली, तरी बेत रद्द," असं माझ्या मेहुण्याने जाहीर केलं, तेव्हा मी त्याच्याच घरात, त्याच्याच सोफ्यावर, त्यानेच दिलेला चहा पीत बसलो होतो. त्यामुळे उलट बोलता आलं नाही. मेहुणा विमा कंपनीत आहे. जगात जे जे सुरळीत चाललंय ते लवकरच बिघडणार आहे, असं लोकांना पटवून देण्याचा त्याला पगार मिळतो.

बेत अगदी साधा होता. माझ्या सासूबाईंना त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. या मावशी डोंगरावरच्या गावात राहतात. तिथे हिवाळ्यात नळातलं पाणीसुद्धा गोठतं. त्यांना खाली उतरवत नाही आणि सासूबाईंना वर चढवत नाही. बसने जावं तर सासूबाईंचे गुडघे दुमडत नाहीत, आणि दर थोड्या वेळाने बाथरूमला जावं लागतं, ते ड्रायव्हरला सांगायची त्यांना लाज वाटते. ही गेली, म्हणजे माझी बायको गेली, तेव्हा मावशींना येता आलं नाही. दोघी बहिणी फोनवर रडल्या. पण मावशींना ऐकू कमी येतं, त्यामुळे इकडून रडायचं तेसुद्धा ओरडून रडावं लागलं.

"असं रडल्यासारखं वाटत नाही," सासूबाई नंतर म्हणाल्या. "एकदा तिच्या शेजारी बसून रडायचंय."

मेहुणा म्हणाला, "आई, उन्हाळ्यात जा की."

"उन्हाळ्यापर्यंत मी आणि ती दोघीही असू, असं तू लिहून देतोस?"

विमा कंपनीतला माणूस असं काही लिहून देत नाही. तेवढ्यात मी म्हणालो, "माझी कॅरव्हॅन आहे." मी न बोलतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण बोललो.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोली. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे दोन बाक, त्यांचे रात्री पलंग होतात. एक शेगडी, आणि एक बाथरूम. बाथरूममध्ये उभं राहणं आणि वळणं यांपैकी एका वेळी एकच गोष्ट करता येते. निवृत्त झाल्यावर हिने आणि मी ती हौसेने जुनी विकत घेतली होती. फिरायचं राहून गेलं. तेव्हापासून ती आमच्या सोसायटीच्या आवारात उभी आहे आणि मुलं तिच्यामागे लपंडाव खेळतात.

मेहुण्याने खूप विचार केला आणि अट घातली. आधी आवारातच, कडाक्याच्या थंडीत, आईने कॅरव्हॅनमध्ये एक रात्र काढायची. सकाळी तो स्वतः येऊन तपासणार. आई ठणठणीत असली तर प्रवासाला परवानगी. नाहीतर कॅरव्हॅन विकून टाका, भावोजी, उगाच जागा अडते.

आता सासूबाई आणि माझ्याबद्दल सांगायला हवं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी सरळ असं कधी बोललोच नव्हतो. भांडण वगैरे काही नाही. मध्ये ही होती, त्यामुळे गरजच पडली नाही. मी जेवायला समोर बसलेलो असायचो आणि सासूबाई हिला म्हणायच्या, "विचार त्यांना, अजून वाढू का." मी हिला म्हणायचो, "सांग आईंना, पोट भरलं." ही वैतागायची. "दोघांना तोंडं आहेत ना? मी काय पोस्ट ऑफिस आहे?" आणि मग दोघांच्याही मनातलं ओळखून ती मला अर्धी वाटी वाढायची.

ते पोस्ट ऑफिस बंद झालं. आता आम्हाला सरळ बोलावं लागतं. आम्ही दोन सरकारी खाती एकमेकांशी बोलावीत तसे बोलतो. "आपली हरकत नसेल तर पंखा बंद करते." "माझी मुळीच हरकत नाही, आपल्याला त्रास होत नसेल तर." बऱ्याचदा पंखा तसाच राहतो.

तर हिटर. कॅरव्हॅनमध्ये कंपनीचा जुना हिटर होता, तो गॅरेजवाल्याने नुसता बघितला आणि मान हलवली. त्याने डिझेलवर चालणारा नवा बसवला. हिटर बाकाखाली, धुराची नळी बाहेर, आणि आत विषारी वायू साचला तर किंचाळणारा एक भोंगा छताजवळ. शिवाय भिंतीवर थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. तिच्यावर आपल्याला हवा तो आकडा लावायचा. खोली तेवढी तापली की ती हिटर बंद करते, गार पडली की चालू करते, आणि आत्ता किती तापलीय तो आकडाही दाखवते.

मला ही वस्तू फार आवडली. मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासले. माणूस काहीही सांगो, आकडा सांगतो ते खरं, या एकाच श्रद्धेवर मी नोकरी केली. "एकवीसवर लावा आणि विसरून जा," असं गॅरेजवाला म्हणाला. विसरून जा म्हणणारी माणसं मला आवडतात, पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नये हे मला या वयात कळायला हवं होतं.

पहिला अडथळा आमच्या शेजाऱ्याचा. त्याला सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण कुठलाही विषय काढला की तो "माझा अनुभव सांगतो" असं म्हणून सुरुवात करतो. तो कधी आजारी नसतो, पण त्याला प्रत्येक आजाराचा अनुभव आहे. कॅरव्हॅन तर त्याने आतून कधी पाहिलीही नव्हती.

"हिटर दुय्यम हो," तो कॅरव्हॅनभोवती एक चक्कर मारून म्हणाला. "उष्णता जाते कुठून ते बघा. ही बघा भोकं! इथे जाळी, तिथे जाळी, वर छताला झडप. चाळणी आहे ही! आधी बुजवा सगळं."

मला पटलं. खोटं कशाला बोलू? दोघांनी मिळून दुपारभर जुनी वर्तमानपत्रं, फडकी आणि त्याची एक जुनी बनियन कोंबून एकूण एक भोक बुजवलं. गॅरेजवाला संध्याकाळी धुराची नळी तपासायला आला, त्याने दार उघडलं, आणि बनियन ओढून बाहेर काढली.

"ही कोणाची?"

"माझी," अनुभवी म्हणाला. "म्हणजे तशी जुनीच आहे."

"ही भोकं कंपनीने गंमत म्हणून ठेवलीत का? आत श्वास घेणार काय, बनियन?" मग तो माझ्याकडे वळला. "काका, म्हाताऱ्या बाईंना घेऊन झोपणार तुम्ही यात. हवा खेळलीच पाहिजे. थोडा वारा आला तर अंगावर घ्या काहीतरी. पण भोकं बुजवायची नाहीत."

मी मान खाली घातली. अनुभवी बनियनची घडी घालत म्हणाला, "याचाही मला अनुभव आहे," आणि निघून गेला.

दुसरा अडथळा सेक्रेटरी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नियमाने चालतात, नियमाने हसतात आणि नियमाने आजारी पडतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"ऐकलं ते खरं का? आवारातल्या गाडीत झोपणार आहात?"

"एक रात्र. सासूबाईंसाठी."

"कोणासाठी हा प्रश्न नाही. आवार हे वाहनं उभी करण्यासाठी आहे. वाहनात माणूस बसला तर ते वाहन. झोपला तर तो रहिवास. आणि रहिवासाला आवारात परवानगी नाही."

"पहारेकरी रोज झोपतो की खुर्चीत."

"तो अधिकृतरीत्या जागा असतो."

शेवटी समितीची बैठक झाली. आठवड्याचा कचरा, गळकी टाकी आणि माझी सासू असे तीन विषय होते. टाकीचा निकाल लागला नाही, माझा लागला. आम्हाला वाहनात आडवं होता येईल, आडवं असताना झोप लागल्यास समितीचा आक्षेप नाही, मात्र झोपण्याच्या उद्देशाने आडवं होऊ नये. मी आभार मानले. माझ्या उद्देशाची चौकशी करणारं कोणीतरी उरलं आहे, हेही खरं तर बरंच वाटलं.

मग सासूबाई आल्या. दोन स्वेटर, शाल, लोकरीचे पायमोजे, कानटोपी आणि पिशवीत विणकाम असा जामानिमा करून मेहुण्याने त्यांना आणून सोडलं. प्रयोगाच्या रात्रीआधी काही दिवस आमच्या घरी राहायचं आणि दिवसा थोडा थोडा वेळ कॅरव्हॅनमध्ये बसून सवय करायची, असं ठरलं होतं.

सासूबाईंच्या घरी उघडी वस्तू नसते. त्यांच्या टीव्हीला कव्हर आहे, टीव्हीच्या रिमोटला कव्हर आहे, आणि फोनचं कव्हर मळू नये म्हणून त्याला पिशवी आहे. हीसुद्धा तशीच. आमच्या लग्नात आलेला मिक्सर मी कव्हरशिवाय फारतर चार वेळा पाहिला असेन. त्यामुळे सासूबाईंनी कॅरव्हॅनमध्ये पाऊल टाकल्याबरोबर भिंतीवरच्या उघड्याबोडक्या थर्मोस्टॅटकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"हे असंच असतं?"

"हो. तोच सगळं सांभाळतो."

"मग त्याला तरी कोणी सांभाळायला नको?"

दुसऱ्या दिवशी त्याला स्वेटर चढला होता. निळा, पुढे आकडा दिसायला बारीक खिडकी, वर एक बटणसुद्धा. मी जवळ जाऊन बघितलं. लोकर ओळखीची वाटली. मी खाली बघितलं. मी घातलेल्या स्वेटरचीच.

"तिने तुमच्यासाठी विणला त्यातली उरलेली," सासूबाई म्हणाल्या. "तिनेच माझ्याकडे ठेवली होती. एका माणसाला पुरणार नव्हती."

मी म्हणालो, "छान बसलाय." आणखी काय बोलणार?

तिथून आमच्या हालांना सुरुवात झाली.

आम्ही दुपारी कॅरव्हॅनमध्ये जाऊन बसलो. मी हिटर एकवीसवर लावला. हळूहळू ऊब आली. मग बरीच ऊब आली. मग अशी ऊब आली की माझ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि टेबलावरची मेणबत्ती कंबरेत वाकली. कव्हरच्या खिडकीतून खोलीचा आकडा दिसत होता, एकोणीस. मी आकड्याकडे बघितलं, घाम पुसला, आणि आकडा खरा मानला.

"आपल्याला ठीक वाटतंय ना?" मी विचारलं.

"अगदी," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर थेंब जमले होते. "तुम्हाला?"

"उत्तम."

मग कधीतरी हिटर बंद पडला. सुरुवातीला बरं वाटलं. मग गार वाटलं. मग खिडकीच्या काचेवर आतून धुकं धरलं आणि सासूबाईंच्या विणकामाच्या सुया खडखडायला लागल्या. कव्हरच्या खिडकीतला आकडा तेवीस.

"ठीक ना?"

"अगदी. तुम्हाला?"

"उत्तम," मी दात आवळून म्हणालो.

असं रोज. आधी भाजून निघायचं, मग गोठायचं, आणि दोन्ही वेळा एकमेकांना उत्तम म्हणायचं. मी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने अदबीने कव्हर काढलं, मनासारखं तपासलं, तासभर आमच्यासोबत बसला. एकवीस म्हणजे एकवीस, जरा इकडे नाही की तिकडे नाही. मग सासूबाई बघतायत हे पाहून त्याने कव्हर परत नीट चढवलं, बटणसुद्धा लावलं, आणि गेला. तो फाटकापर्यंत पोचला नसेल, तोवर आमची भट्टी सुरू. मी पुन्हा बोलावलं. पुन्हा कव्हर काढून तपासलं, पुन्हा सगळं ठीक.

"मी आलो की शहाण्यासारखा वागतो," गॅरेजवाला म्हणाला. "काही मशीनं असतात अशी. भिडस्त."

अनुभवीने खिडकीतून डोकं घालून सांगितलं की हे भूगर्भातल्या लहरींमुळे होतं. सेक्रेटरींनी विचारलं की वाहनातून दिवसा वाफ निघते ती कोणत्या नियमाखाली. मेहुण्याचा रोज फोन. "भावोजी, आईचा आवाज जड येतोय."

"लोकरीतून येतोय ना," मी म्हणायचो. "कानटोपी खाली ओढलीय."

पण मलाच आतून धास्ती वाटायला लागली होती. सासूबाई दिवसातून दोनदा मावशींना फोन करून ओरडत होत्या, "येते गं! येते म्हटलं! ये-ते!" पलीकडून काय येत होतं ते ऐकू येत नव्हतं, पण या फोन ठेवून बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने भिंतीकडे बघत बसायच्या. हे एक काम माझ्या हातून बिघडलं, तर त्या चेहऱ्यासमोर मी काय तोंड घेऊन उभा राहणार? शिवाय, हे काम संपलं की त्यांनी माझ्याकडे यायचं कारणही संपत होतं. मुलगीच नाही, तर जावयाकडे कोण कशाला येतं?

प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी मी बाहेरून गारठून कॅरव्हॅनमध्ये आलो. आत हिटर ढणाढणा पेटलेला. सासूबाई घरात होत्या. मी बाकावर बसलो आणि ऊब यायची वाट बघू लागलो. येईना. हात पुढे केला तर तळव्याला चटके बसतायत, पण छाती अजून गारच. असं कसं? मग लक्षात आलं, अंगात हा जाड स्वेटर आहे. बाहेरची ऊब आत पोचायला वेळ लागणार. आणि एकदा पोचली, की आतच बसून राहणार.

मी समोर बघितलं. थर्मोस्टॅटने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं एकाच लोकरीत.

सगळा उलगडा झाला. खोली तापून लाल झाली तरी त्या बिचाऱ्याला थंडीच वाजत होती, म्हणून तो हिटर चालूच ठेवायचा. खूप उशिरा त्याला उकडलं की तो हिटर बंद करायचा, आणि मग आम्ही गोठलो तरी तो आपल्या स्वेटरात मजेत. आकडा खरा होता. पण तो खोलीचा नव्हता, स्वेटरच्या आतला होता.

मी कव्हर काढलं. हातात धरलं. मग परत चढवलं आणि बटण लावलं. काय सांगणार होतो? आई, तुम्ही तिच्या लोकरीतून विणलेली वस्तू काढून ठेवतो, ती त्रास देते? हिने सांगितलं असतं. दारातून आत आल्या आल्या म्हणाली असती, "आई, काय हे? काढ ते आधी." आणि सासूबाई "बरं बाई" म्हणाल्या असत्या. माझी ती शामत नव्हती. मी असं ठरवलं की त्या झोपल्या की कव्हर काढायचं आणि त्या उठायच्या आत चढवायचं.

रात्र आली. मेहुण्याने स्वतः दारापर्यंत येऊन आईला तीनदा बजावलं. सेक्रेटरी गॅलरीतून आमचा उद्देश बघत उभे होते. दार लावलं, भोंग्याचा हिरवा दिवा बघितला, छताची झडप बोटभर उघडी ठेवली, दोघं आपापल्या पलंगावर आडवे झालो. हळूहळू भट्टी पेटली. पलीकडून संथ श्वास ऐकू यायला लागला. मी उठलो, चोरासारखा भिंतीपाशी गेलो, बटण सोडवलं.

"काढलंत?" पलीकडून आवाज आला.

मी कव्हर हातात धरून उभा.

"मी झोपेचं सोंग घेऊन कंटाळले," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं हे कधी काढतायत एकदाचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो गॅरेजवाला दोनदा काढून बसला, दोन्ही वेळा बरं वाटलं. मला काय डोकं नाही?"

"मग तुम्ही का नाही काढलंत?"

"तुम्ही म्हणाला असतात, पोरीची लोकर, आणि आईनेच काढून टाकली." त्या माझ्याकडे कुशीवर वळल्या. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विणलेलं."

अंधारात मी कव्हर घेऊन पलंगावर येऊन बसलो. हिटर मात्र जोरात चालू होता.

"जावईबापू."

"हं."

"उकडतंय का तुम्हाला?"

"नाही, ठीक आहे. तुम्हाला?"

"ठीकच."

"आई, खरं सांगू?"

"सांगा."

"जाम उकडतंय."

"मग मेलं बोलत का नाही!" त्या ताडकन उठून बसल्या. "माझा पार बटाटा झालाय. दोन स्वेटर, त्यावर शाल, वर ही टोपी! रोज मरतेय मी इथे!" आणि त्यांनी कानटोपी काढून भिरकावली. ती माझ्या तोंडावर येऊन आदळली. मग शाल आली. मग एक स्वेटर.

मला हसू आवरेना. त्यांनाही. बऱ्याच दिवसांनी मी असा हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं, ते त्यांनी बघितलं असणार. उठून आल्या, माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या, आणि मग त्याही थोडं रडल्या. ओरडून नाही.

"आता असं करायचं," शेवटी नाक पुसत त्या म्हणाल्या. "मध्ये आता कोणी नाही. मला काही झालं तर मी सांगणार. तुम्हाला झालं तर तुम्ही सांगायचं. लाजायचं नाही."

आकडा एकोणीसवर आणला. त्या आपल्या जागी गेल्या आणि खरोखरच्या घोरायला लागल्या. पहाटे हाक आली, "अहो, गार पडलंय." मी एक आकडा वाढवला. "बास," त्या म्हणाल्या. मी झोपलो.

सकाळी मेहुण्याने दार ठोठावलं. आई एका साध्या स्वेटरात, टोपीशिवाय, बाकावर पाय पसरून बसलेली पाहून त्याचा चेहरा उतरला. शाल जमिनीवर पडली होती.

"आई! काय हे? थंडी वाजली का रात्री?"

"वाजली," सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला मनातल्या मनात कॅरव्हॅनची विक्रीची जाहिरात दिसली.

"म्हणजे वाजलीच!"

"पहाटे वाजली. यांना हाक मारली. यांनी हिटर वाढवला. गेली."

"पण वाजली ना?"

"अरे, हिवाळा आहे, वाजणारच. तुझ्या घरी वाजत नाही का? पण तुला सांगितलं की तू आधी डॉक्टरला फोन करतोस, मग तुझ्या बायकोशी भांडतोस, मग मला टोपी घालतोस. म्हणून मी सांगत नाही. यांना सांगितलं, यांनी बटण फिरवलं. संपलं."

मेहुणा आत आला. त्याने छताची झडप बघितली, भोंगा बघितला, थर्मोस्टॅट बघितला. मग आईच्या कपाळाला हात लावला. कपाळ चांगलं उबदार होतं. शेवटी तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "भावोजी, घाटात गाडी सावकाश चालवा."

तो गेल्यावर मी शेगडीवर चहा टाकला आणि कप सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप माझ्यासमोर ठेवला.

"आता बोलायचंच ठरलंय तर सांगते. साखर किती घालता हो तुम्ही? आल्यापासून पाक पाजताय मला."

मी म्हणालो, "मलाही फार गोड होतो. तुम्हाला आवडतो म्हणून घालत होतो."

"ओता तो," सासूबाई म्हणाल्या, "आणि नवा टाका."